डाव्या हाताच्या गाठी

४ फेब्रुवारी

आज सकाळी उठून कुठे जायचं नव्हतं. तरी उठले नेहमीच्याच वेळेला. दूध उतू गेलं. शेजारी उभी होते, तरी गेलं.

कारखान्याने कापड तपासणीचं खातंच बंद केलं. आता कापडावरून यंत्राचा डोळा फिरणार. गाठ, तेलाचा डाग, सुटलेला धागा, सगळं तो डोळा पकडणार म्हणे. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की बाईंच्या नजरेतून कधी काही सुटलं नाही. मग त्या नजरेला घरी का पाठवताय, हे विचारायला हवं होतं. मी आपली मान हलवत बसले, शहाण्यासारखी. त्याचाच राग येतोय.

पण हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे. मागच्या अंगणात कोंबड्या पाळायचं ठरवलं आहे. ह्यांना सांगितलं तर ह्यांचा घास हातातच राहिला. जणू मी घरात वाघ पाळणार म्हटलं होतं.

ह्यांना काय वाटलं ते मला कळलं. आमच्या मुलीचं मनात आलं असणार. हिशेबाच्या परीक्षा पास झाली, चांगल्या कचेरीत खुर्ची मिळाली, आणि ती खुर्ची लाथाडून एका मैत्रिणीबरोबर गावाबाहेर कोंबड्या पाळायला गेली. वर्ष होत आलं. मी तेव्हा म्हटलं होतं, घाण उपसायचीच होती तर एवढं शिकलीस कशाला, आणि पुन्हा नोकरी लागेपर्यंत या दारात पाऊल टाकू नकोस. तिनेही टाकलं नाही. हट्टात कुणावर गेली आहे देव जाणे.

तेव्हा मी हे करते आहे ते एवढ्यासाठीच. कोंबड्या पाळण्यात शिकण्यासारखं काडीचंही काही नाही, हे कुणाला तरी दाखवायला हवं.

६ फेब्रुवारी

हे बेकरीची गाडी चालवतात. सकाळी पाव भरून निघतात, दुपारी रिकामी गाडी घेऊन येतात. आज गाडी रिकामी नव्हती. पावाच्या ट्रेमध्ये भुसा घालून त्यावर तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, बसलेल्या. दीड महिन्याच्या, अकरा. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाले, रस्त्यावर एक ओळखीचं माणूस आहे. ह्यांना सगळं जग ओळखतं. पैसे किती दिले ते सांगेनात. फुकट आणल्या असतील तर नक्की काहीतरी खोट असणार म्हणून एकेक उचलून उजेडात धरून पाहिली. डोळे, चोच, पंखाखाली, पाय. खोट नाही. एकीच्या पाठीवर तपकिरी डाग आहे, सांडलेल्या तेलासारखा. तिला मी तेलडाग म्हणते. हे नाव नव्हे. मी जनावरांना नावं ठेवत नसते. ओळखायला काहीतरी लागतं, एवढंच.

११ फेब्रुवारी

खुराडं झालं. मुलीच्या खोलीतलं जुनं कपाट आडवं करून, दारांच्या जागी खिडकीची जाळी लावली. कपाट रिकामंच होतं. ह्यांनी त्यावरही तोंड वाकडं केलं. ठेवून काय पूजा करायची आहे का कपाटाची?

वर हे मला शिकवायला लागले. म्हणे हवा खेळती हवी पण झोत अंगावर येता कामा नये, दांडी चपटी हवी म्हणजे थंडीत पायाची बोटं पिसांखाली राहतात. तीस वर्षं संसार केला, या माणसाने स्वतःच्या पायाची बोटं कुठे आहेत हेही कधी पाहिलं नाही. वर्तमानपत्रात वाचलं असेल काहीतरी. दांडी चपटी केली मी. पटलं म्हणून नव्हे, लाकूड तसंच होतं म्हणून.

१९ फेब्रुवारी

घारीने एक नेली. मी कपडे वाळत घालत होते. सावली सरकली, पिसांचा फडफडाट झाला, आणि मी ओल्या चादरीचा पिळा आकाशाकडे उगारून उभी. खालून शिव्या दिल्या. घारीला काय त्याचं.

शेजारचा खिडकीवाला कुंपणापाशी येऊन हळहळला. अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो, दिवसभर पत्रा कापण्याचा किर्र आवाज. त्याने एक कुत्रा पाळला आहे, त्याचं नाव साहेब. का, तर काही काम न करता दोन वेळा जेवतो. मला ती थट्टा नेहमी आवडायची. आता मात्र कुत्र्याचं माझ्या कोंबड्यांकडे बघणं आवडत नाही.

वर दोरीचं जाळं ताणलं. हे म्हणाले जाळ्याला चकचकीत पट्ट्या बांध, घार बिचकते. पुन्हा वर्तमानपत्र.

८ मार्च

आज दोन गेल्या. दुकानातून आले तर एक खुराड्यात पडलेली, मानेला चावा, बाकी अंगाला ओरखडाही नाही. म्हणजे भूक नव्हती, माज होता. दुसरी दिसेना. ती कुंपणापलीकडे साहेबाच्या तोंडात दिसली.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खिडकीवाल्याची सगळी गिऱ्हाइकं बाहेर आली. कुत्र्याला आवरता येत नसेल तर बाहुली पाळावी, असं म्हटलं. त्याच्या खिडक्यांतून पाणी गळतं, तेही म्हटलं. ते खरंच आहे, आमच्या स्वयंपाकघराची गळते. तो माणूस खाली मान घालून एवढंच म्हणाला की कुत्रा सकाळपासून साखळीला होता, मेलेली कोंबडी कुंपणाच्या फटीतून त्याच्या पुढ्यात आलेली असणार. साखळी दाखवायला लागला. मी बघितली नाही. रंगेहाथ पकडल्यावर साखळी काय बघायची?

१२ मार्च

मुंगूस.

भर दुपारी. मी खिडकीत उभी होते. कुंपणाच्या बुडातून एक राखाडी शेपूट, मग सगळं जनावर, पाणी वाहत यावं तसं. मागच्या पायांवर उभं राहून त्याने खुराड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या फेकला. लागला नाही. गेलं, पण काही घाईने गेलं नाही. स्वतःच्या घरातून निघाल्यासारखं गेलं. माझ्या डोक्यात तिडीक उठली ती अजून गेलेली नाही.

साहेब त्या वेळी साखळीला होता. पालथा झोपला होता.

संध्याकाळी खिडकीवाल्याकडे गेले. म्हटलं, जाळी हवी आहे, उरलेली असेल तर. त्याने पत्रा कापायचं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, वहिनी, माझी जाळी डासांची, मुंगूस ती दातांनी उसवेल, तुम्हाला जाड तारेची लोखंडी जाळी लागेल. बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, स्वयंपाकघराची खिडकी पुढच्या पावसाआधी बघून जा. याहून जास्त काय म्हणायचं असतं ते मला जमत नाही.

२२ मार्च

कारखान्यात गेले होते, निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला. तपासणीच्या दालनात डोकावले. लांब टेबल तेच, दिवे तेच, वर काळा डोळा लटकवलेला. एक मुलगी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. तो लाल झाला की ती बटण दाबते. माझ्यासमोरून एक फिका डाग सरळ पुढे गेला. डोळा लाल झाला नाही. मी तिला सांगितलं नाही. जाऊ दे तो डाग, पोहोचू दे गिऱ्हाइकाच्या अंगावर.

परत आले तर खुराडं ओळखू येईना. चहूबाजूंनी लोखंडी जाळी. खाली ती जमिनीवर हातभर बाहेर वळवून पसरलेली, वर माती, मातीवर विटा. हे म्हणाले, मीच केलं, सुट्टी घेतली. म्हणे जनावर भिंतीच्या बुडाशी उकरतं, मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही, म्हणून जाळी बाहेर पसरायची. चांगलं पाठ केलं होतं.

मी चहा ठेवला आणि जाळी बघायला गेले. तारेच्या गाठी एकसारख्या, घट्ट, टोकं आत वळवलेली. ह्यांना साधी चपलेची नाडी बांधता येत नाही. आणि प्रत्येक गाठीचा पीळ उलटा. हयातभर मी हेच केलं आहे, धाग्याचा पीळ बघून सांगायचं की कुठल्या हाताने सांधा मारला. या गाठी डावऱ्या हाताच्या आहेत.

या घरात डावरं एकच माणूस होतं.

चहा उकळून आटला.

२३ मार्च

ह्यांना विचारलं. कबूल केलं. तलंगाही तिनेच दिल्या. आठवड्यातून दोनदा हे पाव द्यायला त्या बाजूला जातात, तिथे थांबतात, डबा खातात. दांडी, हवा, चकचकीत पट्ट्या, सगळं तिचं. वर्षभर माझ्या समोर बसून जेवणारा माणूस माझ्या पाठीमागे संसार चालवत होता.

कोंबड्यांचं मला काही वाटत नाही. मला चीड याची आहे की ती माझ्या घरी चोरासारखी आली. मी घरात नाही असा दिवस निवडून आली. दिवसभर उन्हात माती खणली असणार आणि पाणी तरी प्यायली का? मी स्वयंपाकघरात बघितलं, एकही पेला विसळून ठेवलेला नव्हता. आली तशी गेली. ही काय रीत झाली?

ह्यांच्याशी बोलणं बंद. ताट वाढेन. बोलणार नाही.

६ एप्रिल

बोलत नाही. आठ जिवंत आहेत. मुंगूस दोनदा येऊन उकरून गेलं, विटेपाशी खड्डा दिसतो. आत आलं नाही.

३० एप्रिल

खिडकीवाला खिडकी नीट करून गेला. जाताना म्हणाला, मुलगी फार वाळली हो तुमची. मी म्हटलं, उन्हातलं काम आहे. त्याला का हे सगळं दिसावं आणि मला दिसू नये? दार लावून घेतलं.

तेलडाग हल्ली माझ्या मागेमागे फिरते. मोरीपर्यंत येते. हाकललं तरी येते.

२७ मे

पहिलं अंडं. तेलडागीचं. लिंबाएवढं, कोमट. तळहातावर घेऊन मी बराच वेळ अंगणात उभी राहिले, वेड्यासारखी. मग स्वयंपाकघराच्या फडताळात वाटीत ठेवलं.

सकाळी वाटी रिकामी. हे ते रुमालात बांधून गाडीत घेऊन गेले होते. म्हणे बेकरीत सगळ्यांना दाखवायला. बेकरीत रोज अंड्यांचे ढीग फुटतात, तिथे कोण माझं अंडं बघायला जमणार होतं? कुठे नेलं ते मला कळत नाही का? पण विचारायचं म्हणजे बोलावं लागेल.

२९ मे

हे आपणहून बोलले. अंडं बघून तिला फार आनंद झाला म्हणे. आणि मग, थांबले असते तर बरं झालं असतं, पण पुढे म्हणाले: "कवच मात्र पातळ आहे म्हणाली. शिंपल्यांचा चुरा घालायला सांगितलाय."

माझ्या अंड्यात खोट काढली.

मी. जिच्या सहीशिवाय कापडाचा ताका गोदामाबाहेर जात नव्हता, तिच्या अंड्यात खोट. आणि निरोप कुणाबरोबर, तर पाववाल्याबरोबर. स्वतः येऊन तोंडावर सांगायची हिंमत नाही.

पक्कड घेतली आणि अंगणात गेले. तिची एकेक गाठ सोडली. जमिनीवर पसरलेली ती जाळी उपटून काढली, इतकी बेंगरूळ दिसायची, काठ सुटलेल्या कापडासारखी. कापून सरळ रेषेत बुडाशी लावली, माझ्या हाताने, माझ्या गाठींनी. काठ कसा सुतात आला. हे दारात उभे राहून बघत होते. अडवलं नाही. अडवायला हवं होतं. 

हात सोलवटले आहेत. पण खुराडं आता माझं आहे.

३१ मे

पाच मेल्या.

मी डाळ आणायला गेले होते. बुडाशी, सरळ काठाच्या बरोबर खाली, मुठीएवढं भोक. आत पिसं आणि शांतता. दोन वरच्या दांडीवर अंग चोरून बसलेल्या. तेलडाग कोपऱ्यात, मानेपासून पाठीपर्यंत फाटलेली, डोळे उघडे.

जाळी जुनाट निघाली. जमीनही भुसभुशीत आहे या बाजूची.

खिडकीवाला न बोलावता फावडं घेऊन आला आणि खड्डा खणला. साहेब खड्ड्यापाशी येऊन बसला, हुंगलंसुद्धा नाही त्याने. ह्यांनी भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.  दोन शब्द बोलले असते, तुझ्यामुळे झालं असं म्हणाले असते, तर मला भांडता तरी आलं असतं.

तेलडागीला टोपलीत फडक्यावर ठेवलं आहे. चोचीपाशी पाणी धरलं तर एक थेंब घेते.

१ जून

वही घरी राहिली. हे मुलीकडच्या कोंबडीखाद्याच्या पिशवीच्या कागदावर लिहिते आहे, वहीत नंतर चिकटवीन.

सकाळी हे गाडी घेऊन निघाले. मी टोपली घेतली आणि बस पकडली. पत्ता कुणी दिला नव्हता. पण पावाच्या गाडीचा रस्ता मला पाठ आहे, आणि कोंबड्यांची शेड कुठे विचारली तर लहान पोरही बोट दाखवतं. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट काढावं लागेल. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नाही काढावं लागलं.

शेड लांबलचक. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना दांड्या. आणि दांड्या रिकाम्या. आवाज नाही. टोकाला ती बादली घासत बसली होती, डाव्या हाताने. खरंच वाळली आहे. मला बघून उठली, माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि टोपली घेऊन थेट टेबलापाशी गेली. "आई" म्हणायलाही थांबली नाही. बरं झालं. म्हणाली असती तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

कोमट पाण्याने जखम धुतली. पिसं कापली. जांभळं औषध लावलं. मी तेलडागीला धरून होते. धुता धुता तिने विचारलं, जमिनीवरची जाळी कुणी काढली?

म्हटलं, "वाईट बांधली होतीस. गाठी उलट्या होत्या."

"उलट्या नव्हत्या. डाव्या होत्या."

तिने मान वर केली नाही. 

मग मी शेडभर फिरले. खोट काढायला वाव खूप होता. पाण्याचं भांडं गळत होतं, एक पडदा फाटला होता, ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मैत्रीण कुठे आहे विचारलं. गेली म्हणाली, हिवाळ्यातच. हिवाळ्यात रोग आला. चार दिवसांत शेड रिकामी झाली. मैत्रिणीने हाय खाल्ली, पुन्हा नोकरीला लागली. यंत्रात उबवायला ठेवलेली अंडी तेवढी राहिली होती. त्यातून अकरा निघाल्या. शेडमध्ये ठेवायची भीती वाटली म्हणून तिने त्या स्वतःच्या खोलीत वाढवल्या, पलंगाखाली. मग बाबा म्हणाले, आईला कोंबड्या हव्या आहेत.

अकराच्या अकरा दिल्या. शेवटच्या.

मी खाली बसले. तिथे एक उलटी बादली होती तिच्यावर. बोलले ते रागानेच बोलले. म्हटलं, हिवाळ्यापासून तू इथे एकटी आहेस, तो माणूस आठवड्यातून दोनदा इथे डबा खातो, शेजारच्या खिडकीवाल्याला तू वाळलेली दिसतेस, आणि मला कुणी सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी म्हटलं नव्हतं का तुला."

"म्हटलं असतंच," मी म्हटलं. "पण इथे येऊन म्हटलं असतं."

ती टेबलाशी पाठ करून उभी होती. औषधाच्या बाटलीचं झाकण लावत होती, ते काही लवकर लागेना. मग म्हणाली, तेलडागीला आज बसमध्ये हलवणं बरं नाही, टाके उसवतील. टाके घातलेच नव्हते, मी समोर होते ना. पण मी टोपली टेबलाखाली ठेवली.

तेव्हा आज इथेच आहे. शेवटची बस आत्ता गेली, आवाज आला. पलंग एकच आहे, ती खाली झोपते म्हणते, त्यावरून आमचं एकदा वाजलं आहे आणि पुन्हा वाजणार आहे. फाटका पडदा मी उतरवून घेतला, सुईदोरा नीट नाही तिच्याकडे, उद्या बघते.

ती बाबांना फोन लावायला निघाली होती, काळजी करतील म्हणून. मी फोन काढून घेतला. करू दे काळजी. घरी आल्यावर दार बंद, चूल थंड, बायको कुठे गेली ते कुणी सांगायला नाही. एक संध्याकाळ बसू दे तसंच. लोक आपल्याला सांगत नाहीत तेव्हा कसं वाटतं ते कळू दे त्या माणसालाही.